हरासिमचं बोट

व्होल्या, मॅनिटोबा
गुरुवार, सव्वीस मार्च

तीर्थस्वरूप तेक्ला ताईस,

धाकट्या पारास्काचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. माझे गुडघे जमिनीपर्यंत जातात, पण परत वर यायचं नाव घेत नाहीत.) येशू ख्रिस्ताचा महिमा असो. आई पत्राच्या सुरुवातीला लिहायची तसंच लिहिते : देवाच्या कृपेने मी जिवंत आहे, हातीपायी धड आहे, आणि तुझ्याकडूनही तेच ऐकायची इच्छा आहे. कंबर कशी आहे? समुद्राच्या हवेने दमेकऱ्यांना बरं वाटतं असं म्हणतात, पण तुला दमा कधीच नव्हता, तेव्हा त्या हवेचा तुला नेमका काय उपयोग होतो हे मला पन्नास वर्षांत कळलेलं नाही. तुमच्याकडे ट्यूलिप फुलले असं तू लिहिलंस. आनंद आहे. आमच्याकडे काल उणे अकरा होतं आणि लोक टोप्या काढून, कोटाची बटणं सोडून, उन्हाळा लागल्यासारखे हिंडत होते. ईस्टरपूर्वीचा उपास चालू आहे, त्यामुळे सगळं गाव थोडं चिडचिडं आहे आणि कोबीवर जगतं आहे.

पत्राला कारण विशेष काही नाही. सहज लिहिते आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस.

तुला हरासिम आठवतो का, असं विचारत नाही. तुला आठवतो. त्याची सोफिया जाऊन सहा वर्षं झाली. तो अजून बापाच्याच जमिनीवर राहतो, गावापासून सहा मैलांवर, जिथे शेतं संपून डोंगराचं जंगल सुरू होतं तिथे. (चारशे फुटांच्या उंचवट्याला आपण अजून डोंगर म्हणतो. दुसरा मिळाला नाही.) ऑक्टोबरात त्याने गाडी चालवताना बोट उचलणं बंद केलं. तू तिकडे राहून हे सगळं विसरली असशील म्हणून आठवण करून देते. समोरून गाडी आली की स्टिअरिंगच्या चाकावरचा हात न काढता पहिलं बोट उचलायचं. ओळखीच्याला एक, नातेवाइकाला दोन. आख्खा हात हलवतो तो बाहेरगावचा. (मागच्या खेपेला तू भाड्याच्या गाडीतून सगळ्यांना आख्खा हात हलवत होतीस. लोक मला आठवडाभर विचारत होते, ती पाहुणी बाई कोण?) आणि बोट न उचलणं म्हणजे काय हे तुलाही ठाऊक आहे. आपल्या बाबांनी कुंपणाच्या भांडणात शेजारच्या प्रोकिपला नऊ वर्षं बोट उचललं नव्हतं आणि प्रोकिप मेल्यावर त्याच्या शवपेटीच्या गाडीला उचललं होतं.

तर हरासिम रोज सकाळी दहाला माझ्या खिडकीवरून त्याच्या तपकिरी ट्रकमधून जातो. तीस वर्षं तो माझ्या खिडकीला बोट उचलतो आहे. एक दिवस नाही उचललं. मला वाटलं, शिंक आली असेल. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम पडदा बाजूला करून लाल स्वेटर घालून उभी राहिले. सरळ पुढे बघत गेला. आता तू म्हणशील, पारास्का, तुला काय करायचंय? ताई, मी एकतीस वर्षं या गावाचं पोस्ट चालवलं. एकतीस वर्षांत मी कोणाचं पाकीट फोडलं नाही. (पोस्टकार्ड वाचलं. पोस्टकार्ड उघडंच असतं, त्याला मी काय करू?) कोणाच्या घरी काय चाललंय हे ठाऊक असणं ही माझी नोकरी होती, आणि निवृत्त झाल्यावर नोकरी सुटते, सवय सुटत नाही.

चौकशी केली तेव्हा कळलं की एकट्या माझाच अपमान झालेला नाही. फादर युलियनना उचललं नव्हतं. पोलिसाच्या गाडीला उचललं नव्हतं, आणि ज्या पोलिसाचं तोंड बघायचं नसतं त्यालाही आपण बोट उचलतो. चर्चच्या सभागृहात शुक्रवारच्या पिरोही वळायला आम्ही बारा बायका बसतो (पारी माझी, सारण दोकियाचं, आणि सारणात मीठ कमी, हे मी तिला सांगत नाही), तिथे दुसरा विषय राहिला नाही. दोकियाचं म्हणणं पडलं की पानगळीच्या गावजेवणात त्याच्या ताटात कोबीचे रोल दोनच पडले, त्याचा राग. वाढायला मी होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच हे म्हणणं पडलं. दुसरी म्हणाली, जमीन विकून शहरात जायचं ठरलंय, म्हणून माणसं तोडतोय. तिसरी म्हणाली, बोटात संधिवात असेल. हे मला पटण्यासारखं वाटलं. म्हणून रविवारी चर्चमधून निघताना मी त्याच्या हातात काकडीच्या लोणच्याची बरणी दिली आणि म्हटलं, झाकण घट्ट बसलंय, जरा बघतोस? त्याने ते एका झटक्यात उघडलं आणि बरणी मला परत देताना माझ्या हाताच्या बरीच डावीकडे धरली. रस माझ्या कोटावर सांडला. मी त्याला धसमुसळा म्हटलं. ताई, तेव्हाच कळायला हवं होतं. मला माझ्या हुशारीचा फार अभिमान, आणि पुरावा कोटावर सांडलेला घेऊन मी घरी आले.

नंतर जानेवारीत प्रकार उलटा झाला. हरासिम बोट उचलायला लागला. गावाने सुटकेचा निःश्वास सोडला, तो फार टिकला नाही. कारण तो आता टपालपेट्यांच्या रांगेला बोट उचलत होता. धान्याच्या कोठाराला उचलत होता. शेतात हिवाळाभर उभ्या राहिलेल्या, बर्फाखाली गाडलेल्या कापणी यंत्राला त्याने एका आठवड्यात चार वेळा उचललं. दोकिया तणतणत माझ्याकडे आली. "माझ्या गाईला उचलतो! गाईला! मी गाईच्या शेजारी बादली घेऊन उभी आहे, आणि हा गाईला नमस्कार करून पुढे!" मी म्हटलं, कदाचित दोघींना मिळून उचललं असेल. ती म्हणाली, "मग दोन बोटं उचलायला नकोत का?" गावात हसू झालं, पण हसण्याखाली थोडी काळजीही आली होती. म्हातारपणात एकटा राहणारा माणूस यंत्राला नमस्कार करू लागला की पुढे काय, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

मला मात्र चैन पडेना. दर बुधवारी हा माणूस दहाला गावातून निघून पार्कच्या रस्त्याने जंगलात जातो आणि बाराला परत येतो. कुठे जातो? विचारलं की म्हणतो, "झऱ्यावर. पाणी आणायला. नळाच्या पाण्याला चहा कळत नाही." खरं आहे, अर्धं गाव त्या झऱ्यावरून पाणी आणतं. पण अर्धं गाव दोन आठवड्यांतून एकदा जातं. एकटा माणूस आठवड्याला चाळीस लिटर चहा पितो का? म्हणून मागच्या बुधवारी, म्हणजे अठरा तारखेला, मी दोन रिकामे कॅन घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले. मधोमध उभी राहणार होते. देवाने सद्बुद्धी दिली म्हणून कडेला राहिले. तो थांबला. "कोण, पारास्का का? चल, बस," म्हणाला. मला जरा विचित्र वाटलं. माझ्या तोंडाकडे पावलाएवढ्या अंतरावरून बघून कोणी 'पारास्का का' असं विचारायचं कारण काय? माझ्यासारखं नाक या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला नाही.

तो मान तिरकी करून गाडी चालवत होता. कोंबडी दाण्याकडे बघते तशी, एका बाजूने. आणि सारखं काहीतरी पुटपुटत होता. मी कान दिला. प्रार्थना असेल म्हटलं, उपासाचे दिवस. प्रार्थना नव्हती. मोऱ्या मोजत होता. रस्त्याखालून पाणी जायला घातलेल्या मोऱ्या! "सात... आठ... आठनंतर वळण." आणि वळण आलं. तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं ते सांगायला लाज वाटते, पण तुला नाही सांगणार तर कोणाला सांगणार? रस्ता पुढे मैलभर मोकळा होता. दोन्हीकडे बर्फ, पॉपलरची उघडी झाडं, समोर काळा डांबरी पट्टा आणि त्यावर एक कावळासुद्धा नाही. मी सहज म्हटलं, "अरे, फादर युलियन आले की समोरून."

हरासिमने बोट उचललं.

रिकाम्या रस्त्याला, ताई. छान, आदराने, दोन क्षण धरून ठेवलं आणि खाली घेतलं. वर म्हणाला, "सावकाश चालवतात बिचारे."

पाच महिने जे कोडं मी सोडवत होते ते सुटलं, आणि सुटल्याचा आनंद अर्धं मिनिटही टिकला नाही. मी म्हटलं, "हरासिम, रस्त्यावर कोणी नाहीये." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मैलभर तसेच गेलो. आणि नेमकी तेव्हा, झऱ्याच्या अलीकडे, झाडांतून एक मूस मादी रस्त्यावर आली. घोड्याहून उंच, तपकिरी, कोठाराच्या दारासारखी, आणि आडवी उभी राहिली. मी ओरडले, "मूस! हरासिम, मूस!"

तो म्हणाला, "हो का? मग तिलाही नमस्कार करतो," आणि बोट उचललं.

चूक माझी होती. मी खोटं बोलले होते, आता खरं कोण मानणार? मी चाकाला झोंबले, किंचाळले, आजीच्या तोंडचे दोन शब्द माझ्या तोंडून गेले (उपासात, देवा क्षमा कर), तेव्हा त्याने ब्रेक दाबला. ट्रक घसरत घसरत तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. मूसने आमच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता पाय झाडणार. तिने मान खाली घातली आणि ट्रकचं नाक चाटायला लागली. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात ना, ते सगळं गाडीला पांढरं चिकटलेलं होतं. एवढं मीठ तिला जंगलात कुठे मिळणार? हॉर्न वाजवला तर दचकून पाय मारेल, ट्रक मागे घेतला तर घसरून खड्ड्यात. दार उघडायचा तर प्रश्नच नाही. आम्ही बसून राहिलो. ती चाटत चाटत हळूहळू हरासिमच्या बाजूच्या काचेशी आली. तेव्हा तो बाजूला बघून दचकला आणि म्हणाला, "अगं बाई, ही तर खरोखरच मूस आहे!"

चाळीस मिनिटं, ताई. घड्याळ लावून चाळीस मिनिटं तिने तो ट्रक चाटला. आणि चाळीस मिनिटं बंद काचेआड एखाद्याशेजारी बसलं की माणूस बोलतोच. त्याला मधलं दिसत नाही. कडा दिसतात. रस्त्याच्या डाव्या उजव्या बाजूचं गवत दिसतं, मधला रस्ता दिसत नाही. माझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून वाढत चाललंय. ऑक्टोबरपासून समोरची गाडी दिसेना, म्हणून बोट बंद. मग लोक रागावले असं कानावर आलं, म्हणून रस्त्याकडेला जे काही काळं उभं दिसेल त्याला उचलायला लागला. "कोणी सुटायला नको म्हणून," म्हणाला. आणि दर बुधवारी जंगलात जायचं ते पाणी आणायला नव्हे, रस्ते पाठ करायला. मोऱ्या, वळणं, चढ. दहाला निघायचं, कारण त्या वेळी त्या रस्त्याला कोणी नसतं.

मी त्याला सोडलं नाही. रडत होते, तरी सोडलं नाही. म्हटलं, "कोणी नसतं म्हणजे? आज ती होती. उद्या शाळेची बस असेल. कोणाचं पोर मारशील, हरासिम!" तो म्हणाला, "ठाऊक आहे. तुला काय वाटतं, मी झोपतो का रात्री?" मग समोरच्या फळीवर एक पाकीट पडलं होतं ते माझ्याकडे सरकवलं. खाकी, सरकारी, न फोडलेलं. "हे काय आलंय ते वाच जरा. जानेवारीपासून पडलंय. कोणाला वाचायला सांगितलं असतं तर कळलं असतं ना, मला वाचता येत नाही ते." एकतीस वर्षांत पहिलं पाकीट मी फोडलं, तेही मालकाच्या समोर. वाहन परवाना चालू ठेवायचा तर तीस एप्रिलपर्यंत डोळ्यांच्या तपासणीचा दाखला हवा. नाही तर परवाना रद्द.

परवाना गेला की काय होणार हे मला सांगावं लागलं नाही. त्याचा ओरेस्त गेली दोन वर्षं मागे लागलाय. बाबा, एकटे राहू नका, विनिपेगला या. अकरावा मजला, लिफ्ट, जेवण ताटावर. मुलगा वाईट नाही, आपल्यासारखाच काळजी करणारा आहे. त्याने एवढंच म्हटलं होतं की जोपर्यंत तुम्ही गाडी चालवताय तोपर्यंत मी बोलणार नाही. सहा मैलांवरून गावात यायला ना बस, ना काही. "ओरेस्त म्हणतो, बाल्कनीतून नदी दिसते," हरासिम म्हणाला. "मला कुठली दिसणार! इथे मला न बघता सगळं दिसतं, पारास्का. कोठाराची कडी कुठे, लाकडं कुठे, सोफिया कुठे. तिकडे मी आंधळा होईन. इथे नाहीये मी अजून." ताई, मी त्याला धसमुसळा म्हटलं होतं.

तेवढ्यात तो तुझी चौकशी करायला लागला. तेक्ला कशी आहे? अजून भरभर बोलते का? मी म्हटलं, बोलते, आणि मध्ये मध्येही बोलते. तो हसला. बाहेर मूसने मागच्या चाकावरचं पत्र्याचं मडगार्ड संपवलं होतं आणि तिचं पोट भरलं असावं. ती रस्ता ओलांडून झाडांत गेली. हरासिमने चावी फिरवली, आणि चाकावरचे हात उचलून मांडीवर ठेवले. "उतर," म्हणाला. "या बाजूला ये. मी नाही चालवत आता."

मी सत्तर वर्षांची आहे आणि मी आयुष्यात गाडी चालवलेली नाही, हे तुला माहीत आहे. पोस्टाच्या वरच राहायची, चर्च समोर, दुकान शेजारी, उरलेलं माझा मिखाईलो चालवायचा. पण तिथून कोण आणणार होतं? मी बसले. हरासिम सांगे, डावा पाय दाब, हलके सोड, हलके गं, दळण दळतेस का? नऊ मैल पहिल्याच गिअरमध्ये आणले. दीड तास लागला. मला रस्ता दिसत होता पण पुढे काय येणार ते ठाऊक नव्हतं. त्याला रस्ता दिसत नव्हता पण "आता सहावी मोरी, पुढे उजवीकडे उतार, दम धर" असं तो डोळे मिटून सांगत होता. एकदाही चुकला नाही. गावात शिरताना समोरून सात गाड्या आल्या, सगळ्यांनी बोट उचललं. माझे दोन्ही हात चाकाला असे चिकटले होते की मिखाईलो थडग्यातून उठून समोर आला असता तरी मी उचललं नसतं. संध्याकाळपर्यंत दोकियाचा फोन : "पारास्का, तुझं कोणाशी काय बिनसलंय?" पाणी आणायचं मात्र राहून गेलं.

तर असं आहे सगळं. पुढे काय झालं तेही थोडक्यात लिहिते. काल, म्हणजे बुधवारी, फादर युलियननी आम्हा दोघांना त्यांच्या गाडीतून तालुक्याच्या गावी नेलं. हरासिमने आपला परवाना स्वतःच्या हाताने खिडकीवर ठेवला. आतल्या मुलीने विचारलं, कारण काय लिहू? तो म्हणाला, "पुरे झालं, असं लिही." बाहेर येऊन तो भिंतीला टेकून बराच वेळ उभा होता. मी त्याच्याशी बोलायला गेले नाही. काही वेळा बोलायला जाऊ नये एवढं मलाही कळतं. आता तो शांत आहे, ट्रक माझ्या अंगणात आहे, मी खुशाल आहे, हवा सुधारते आहे. तू काळजी करू नयेस, एवढ्यासाठीच हे पत्र. तब्येतीला जप. समुद्राजवळ फार फिरू नकोस, ओल असते. तुझ्या दोन्ही मांजरांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण,
पारास्का

ता. क. : हरासिम आत परवाना देत होता तेव्हा शेजारच्या खिडकीवर मी शिकाऊ परवान्याची लेखी परीक्षा दिली. तीस प्रश्न. एकोणतीस बरोबर आले. एक चुकला तो रस्त्यात मोठा प्राणी आडवा आला तर काय करावे हा. चार पर्याय होते, त्यात 'तिचं चाटून होईपर्यंत थांबावे' हा नव्हताच. मग मी काय लिहू?

ता. क. २ : शिकाऊ माणसाने गाडी चालवायची तर शेजारी पक्का परवाना असलेलं माणूस बसलं पाहिजे, असा नियम आहे. हरासिमचा आता नाही. आज सकाळी दोकिया बसली होती, ती पहिल्या कोपऱ्यापासून किंचाळायला लागली आणि दुपारपर्यंत गावाला माझं प्रत्येक वळण तोंडपाठ झालं. दुपारी फादर युलियन बसले. ते दुसऱ्या वळणावर उतरले आणि म्हणाले, पायी चालणं तब्येतीला चांगलं असतं. तुझ्याकडे चाळीस वर्षांचा पक्का परवाना आहे. शिकाऊ काळ फक्त नऊ महिन्यांचा असतो. तुझी खोली मी नवा रंग देऊन ठेवली आहे. सहजच दिला. मांजरं आणायला हरकत नाही.

ता. क. ३ : हे पाकिटात घालता घालता ओरेस्तचा फोन आला. बापाने परवाना दिल्याचं त्याला कळलं (कोणाकडून, ते मी शुक्रवारी पिरोही वळताना विचारणारच आहे). पुढच्या शनिवारच्या शनिवारी, चार तारखेला, मोठी गाडी घेऊन न्यायला येतोय म्हणाला. मी म्हटलं, येऊ नकोस, तुझ्या बापाला कायमचा ड्रायव्हर मिळालाय. तो म्हणाला, कोण? पारास्का मावशी, तुम्हाला तर चालवता येत नाही. खरंच येत नाही, अजून. म्हणून मी तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, तसं असेल तर मी शनिवारी येतो, तेक्ला मावशीला भेटतो, आणि मोकळी गाडी घेऊन परत जातो. दोन तारखेला, गुरुवारी, तुझ्याकडून विमान आहे. चौकशी केली मी.

ता. क. ४ : हरासिमला सांगितलं की तू येतेयस. तो आत जाऊन दाढी करून आला. त्याला आता कोणाचंच तोंड दिसत नाही, तेव्हा केस रंगवत बसू नकोस. तू गेलीस तेव्हा बावीस वर्षांची होतीस. तेच तोंड त्याच्याकडे आहे.